डायबेटीस आहे आणि क्रिएटिनिन थोडं वाढलंय, लो-कार्ब डाएट केलं तर किडनी अजून खराब होईल का?

नुसतं कार्ब कमी केल्याने किडनी खराब होत नाही, पण कार्बच्या जागी भरमसाठ प्रोटीन आलं तर आधीच दुखावलेल्या किडनीवर ताण वाढू शकतो. प्रोटीन जास्त गेलं की किडनीच्या गाळण्यांमधलं प्रेशर वाढतं, डायबेटीसमध्ये ते बऱ्याचदा आधीच वाढलेलं असतं. म्हणूनच केडीगो या किडनीच्या आजारांवर गाइडलाइन काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये डायबेटीस आणि किडनीचा आजार दोन्ही असलेल्यांना, डायलिसिस चालू नसेल तर, दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, म्हणजे ७० किलो वजन असेल तर साधारण ५६ ग्रॅम. प्रोटीन एवढंच ठेवून कार्ब माफक कमी केले तर शुगर उतरते, वजनही उतरतं आणि ते किडनीच्या फायद्याचंच आहे. डायलिसिसवर असाल तर मात्र हिशोब उलटा, तिथे प्रोटीन जास्त लागतं.

आणि प्लीज, चालू असलेल्या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हे डाएट सुरू करू नका:

- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) चालू असेल तर कार्ब कमी करताच शुगर धाडकन खाली येऊ शकते, त्यात किडनी कमजोर असली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे डोस आधीच कमी करून घ्यावा लागतो.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) यांपैकी काही चालू असेल तर कडक किटो, म्हणजे कार्ब जवळजवळ बंद करणारं डाएट, नकोच, शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोकादायक प्रकार, म्हणजे किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठा.

क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रोटीनही तपासून घ्या, किडनी नेमकी कुठल्या स्टेजला आहे ते नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यावरून कळत नाही.