इन्क्लाइन की फ्लॅट? आधी बाकाचा कोन मोजा

दोन वर्षं फ्लॅट बेंच (आडव्या बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) करताय, इन्क्लाइन (तेच तिरक्या बाकावर) कायम शेवटी उरकताय, ८० किलोवर गाडी अडकली आहे, छाती खालून भरली पण कॉलरबोनखाली सपाटच दिसते, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आता फ्लॅट सोडून नुसतं इन्क्लाइन करायचं मनात आहे. माझं स्पष्ट मत: फ्लॅट सोडू नका. मीही सोडलं होतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

छातीचा मोठा स्नायू एकच, पण त्याचे तंतू वेगवेगळ्या जागांहून निघतात. वरचा भाग कॉलरबोनच्या आतल्या अर्ध्यापासून, आणि त्याहून बराच मोठा भाग छातीच्या मधल्या हाडापासून व बरगड्यांच्या कूर्चेपासून. दोन्ही शेवटी दंडाच्या हाडालाच येऊन चिकटतात. हात समोरून वर न्यायला वरचे तंतू जास्त मदत करतात, पसरलेला हात छातीसमोर ओढून आणायला मधले आणि खालचे. म्हणून बाक तिरका केला की भार वर सरकतो. पण फ्लॅटमध्ये वरचा भाग झोपलेला असतो हे खोटं आहे. तो काम करतो, फक्त त्याच्या वाट्याला कमी येतं.

आता कोनाचं. बहुतेकांची चूक इथेच होते आणि वर्षानुवर्षं कळत नाही. साधारण ३० अंशांवर वरच्या छातीला चांगला भार मिळतो. ४५ च्या पुढे गेलात की खांद्याचा पुढचा स्नायू काम आपल्याकडे ओढून घेतो, आणि ६० ला हा व्यायाम जवळपास शोल्डर प्रेसच (वजन डोक्यावर ढकलण्याचा खांद्याचा व्यायाम) होतो. जिममधले पक्के वेल्ड केलेले इन्क्लाइन बाक बरेचदा ४५ च्या आसपास असतात. खाचांच्या बाकावरही ‘दुसरी खाच’ म्हणजे किती, हे प्रत्येक बाकावर वेगळं. फोनमध्ये कोन मोजायचं अॅप असतं. फोन पाठीच्या गादीवर ठेवून बघा. मी पहिली तीन वर्षं ज्याला इन्क्लाइन समजत होतो ते ५५ अंश निघालं. खांदे भरले होते, छाती तशीच होती.

दुसरी गोष्ट कमानीची. फ्लॅटची सवय असलेला माणूस इन्क्लाइनवरही पाठीची मोठी कमान करतो आणि ढुंगण पुढे सरकवतो. मग बाक ३० अंशांत असला तरी छाती जवळपास आडवी होते. वजन जास्त उचललं जातं, पण ज्यासाठी बाक तिरका केला तेच निघून जातं. बसायची गादी थोडी वर उचला म्हणजे घसरणार नाही. खांद्याची पाती मागे आवळलेली ठेवा, पण कमान बेताची. बार फ्लॅटमध्ये छातीच्या खालच्या अर्ध्यावर टेकतो, इन्क्लाइनमध्ये बराच वर, कॉलरबोनच्या काही बोटं खाली. कोपरं खांद्याच्या रेषेत फाकवू नका, थोडी अंगाकडे ठेवा.

ताकदीचं गणित वेगळं आहे. ज्या हालचालीचा सराव, तिचीच ताकद आधी वाढते. मी सहा महिने फ्लॅट बंद ठेवलं तेव्हा इन्क्लाइन ५५ वरून ६७.५ किलोवर गेलं आणि फ्लॅट ९५ वरून ८७.५ वर उतरलं. पुन्हा सुरू केल्यावर पाच-सहा आठवड्यांत ते परत आलं आणि नंतर १०० ओलांडलं, त्यामुळे वरच्या छातीची कमाई वाया गेली नाही. पण तुम्हाला ८० च्या पुढे जायचं असेल तर फ्लॅट करावंच लागेल. पॉवरलिफ्टिंगच्या (जास्तीत जास्त वजन उचलण्याच्या) स्पर्धेतही बेंच फ्लॅटच असतो. आणि इन्क्लाइनला वजन कमी उचललं जातंय म्हणून खट्टू होऊ नका, फ्लॅटच्या तीन चतुर्थांश ते ८५ टक्के हे अगदी नेहमीचं आहे.

तुमच्या जागी मी आठवड्यात छातीचे दोन दिवस ठेवीन. पहिल्या दिवशी ताजेपणी जड फ्लॅट, ४ सेट (फेऱ्या), प्रत्येकी ४ ते ६ रेप्सचे (वेळा उचलण्याचे), मग ३० अंशांवर डंबेल इन्क्लाइन, ३ सेट १० च्या आसपास. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा: आधी बारने इन्क्लाइन, ४ सेट ६ ते १०, आणि मग हलकं फ्लॅट, बार छातीवर क्षणभर थांबवून. जे आधी करता तेच जास्त वाढतं. तुमची वरची छाती मागे राहण्याचं खरं कारण मला हेच दिसतं: दोन वर्षं इन्क्लाइन कायम शेवटी, दमलेल्या हातांनी. वजन चढवताना बारच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट पुरेत.

छातीच्या मधली फट आणि खालच्या कडेचा आकार मात्र कोन बदलून बदलत नाही. स्नायू हाडाला कुठे चिकटलाय यावर ते ठरतं, त्यावर सेट खर्च करू नका. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी बार ठेवून द्या, डंबेलने करून बघा. तरीही दुखलं तर डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, बाकाचा कोन किती निघाला ते जरूर कळवा. त्यावरून डंबेलचं वजन किती धरायचं ते सांगता येईल.