वाचकांचे प्रश्न : लाल क्रॉस, युद्धकैदी आणि जिनिव्हा करार

युद्धाच्या कायद्याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : माझा सातारा जिल्ह्यात दवाखाना आहे. गाडीच्या काचेवर आणि दवाखान्याच्या पाटीवर पहिल्यापासून लाल क्रॉस आहे. एका निवृत्त फौजी पेशंटने हे बेकायदा असल्याचे सांगितले. पण सगळेच डॉक्टर लावतात! खरे काय?

उत्तर : तुमच्या पेशंटचे म्हणणे बरोबर आहे. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे डॉक्टरकीचे चिन्ह नाही. रणांगणावर जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांना १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा कराराने ते दिले. स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केले की ते तयार होते. त्याचा अर्थ एवढाच : इथे जखमी आहेत, गोळी झाडू नका.

आपल्याकडे यासाठी ‘जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट, १९६०’ हा कायदा आहे. त्याच्या कलम १२ नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय लाल क्रॉस व लाल चंद्रकोर ही चिन्हे, तसेच ‘रेड क्रॉस’ आणि ‘जिनिव्हा क्रॉस’ ही नावे कोणत्याही कामासाठी वापरता येत नाहीत. लाल पृष्ठभागावरचा पांढरा क्रॉस, म्हणजे स्विस चिन्ह, हेही या बंदीत येते. या चिन्हांशी गल्लत होईल इतपत साम्य असलेली आकृतीसुद्धा चालत नाही. त्यामुळे क्रॉस थोडा तिरका करून किंवा त्याला निळी कड काढून सुटका होत नाही. शिक्षा कलम १३ मध्ये आहे : पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि ज्या मालावर चिन्ह वापरले तो माल जप्त. पाचशे रुपये १९६० मध्येही फार मोठी रक्कम नव्हती आणि आज तर कुणाला त्याचे भय वाटत नाही. शिवाय कलम १७ नुसार सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. सगळीकडे हे चिन्ह दिसते ते या ढिलाईमुळे, कायद्याने मोकळीक दिली म्हणून नव्हे.

मग ते वापरायचे कुणी? सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेने, आणि तेव्हा ते मोठे, लांबून व वरून दिसेल असे, शेजारी एकही अक्षर न लिहिता. रेड क्रॉस सोसायटीने शांततेच्या काळात ते आपली ओळख म्हणून वापरायचे असते. तेव्हा ते आकाराने लहान हवे आणि ते दंडपट्टीवर किंवा इमारतीच्या छपरावर लावता येत नाही. रुग्णवाहिकांबाबत १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या (१८६४ च्या नव्हे) कलम ४४ मध्ये एक अपवाद आहे. राष्ट्रीय रेड क्रॉस सोसायटीची स्पष्ट परवानगी असेल आणि गाडी केवळ मोफत उपचारांसाठी राखलेली असेल, तरच शांततेत तिच्यावर हे चिन्ह लावता येते. भाडे आकारणारी रुग्णवाहिका या अपवादात बसत नाही.

तुम्ही करायचे ते सोपे आहे. पाटीवरचा आणि काचेवरचा क्रॉस काढा. प्रथमोपचार दाखवायचा असेल तर हिरव्यावर पांढरा क्रॉस हे आंतरराष्ट्रीय मानकातले चिन्ह आहे, ते लावा. औषधाच्या दुकानांनी, शाळांतल्या प्रथमोपचार पेट्यांनी आणि स्नेहसंमेलनात नर्सची टोपी शिवणाऱ्या पालकांनीही हेच करावे. या आग्रहाचे कारण चोखंदळपणा नाही. दुर्बिणीतून पाहणाऱ्या सैनिकाला दोन-चार सेकंदांत ठरवायचे असते की समोरची गाडी जखमींची आहे की दारूगोळ्याची. ज्याने आयुष्यभर हा क्रॉस औषधाच्या दुकानावर आणि पार्किंगमधल्या मोटारींवर पाहिला, त्याचा हात त्या क्षणी का थांबावा?

प्रश्न : १९७१ च्या युद्धात पकडलेले आपले वैमानिक रावळपिंडीच्या कॅम्पमधून पळाले होते, असे वडील सांगत. युद्धकैद्याने पळून जाणे हा गुन्हा आहे का? पुन्हा पकडला तर काय शिक्षा होते? (पुणे)

उत्तर : वडील सांगत ती घटना खरी आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या कॅम्पमधून भिंतीला भोक पाडून निसटले. अफगाण सीमेच्या अगदी जवळ, लंडी कोतलला, ते पुन्हा पकडले गेले.

युद्धकैद्याने पळण्याचा प्रयत्न करणे हा १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या लेखी फौजदारी गुन्हा नाही, शिस्तभंग आहे. करार करणाऱ्यांनी हे मान्य केले होते की सैनिक आपल्या पलटणीकडे परतायला धडपडणारच. कैदी स्वतःच्या किंवा मित्रदेशाच्या सैन्याला जाऊन मिळाला, किंवा पकडणाऱ्या देशाच्या हद्दीबाहेर गेला, की सुटका ‘यशस्वी’ ठरते. पुढे कधी तो पुन्हा हाती लागला तरी त्या पलायनाबद्दल शिक्षा करता येत नाही (कलम ९१). आधीच पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, आणि चौथ्यांदा पळाला तरी तेवढीच (कलम ९२). पळण्यासाठी केलेली लहान कृत्येही त्यातच मोडतात : सरकारी मालमत्तेची मोडतोड, स्वतःचा फायदा न पाहता केलेली चोरी, खोटी कागदपत्रे, साधे कपडे घालणे (कलम ९३). मात्र पहारेकऱ्याला जखमी केले किंवा मारले तर हे संरक्षण उरत नाही आणि रीतसर खटला चालू शकतो. भिंत फोडणे आणि माणूस मारणे यांत करार असा स्पष्ट भेद करतो.

शिस्तभंगाची कोणतीही शिक्षा तीस दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. तिचे प्रकारही ठरलेले आहेत : आगाऊ वेतनातून जास्तीत जास्त निम्मी कपात, जादा सवलती बंद, दिवसाला दोन तासांपर्यंत जादा काम (हे अधिकाऱ्यांना देता येत नाही), किंवा कोठडी. पळणाऱ्या कैद्यावर गोळी झाडणे हा अगदी शेवटचा उपाय आहे आणि त्याआधी परिस्थितीला साजेसा इशारा द्यावाच लागतो (कलम ४२).

प्रश्न : मुलगा सैन्यात आहे. तो शत्रूच्या हाती सापडला तर घरच्यांना कळते कसे? २०१९ सारखे व्हिडिओवरूनच कळणार का? (कोल्हापूर)

उत्तर : ताई, व्हिडिओवरून कळावे असे कायद्याला मुळीच अपेक्षित नाही. कैद होताच, फार तर कॅम्पमध्ये पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत, कैद्याला एक कार्ड लिहू द्यावे लागते. ते घरी जाते, आणि तसेच एक कार्ड जिनिव्हातील युद्धकैद्यांच्या मध्यवर्ती संस्थेकडे जाते. त्यात आपण कैदेत आहोत, पत्ता अमुक, तब्येत अशी, एवढेच असते. आजारी पडला, इस्पितळात किंवा दुसऱ्या कॅम्पमध्ये हलवला, तर पुन्हा कार्ड. पुढे पत्रांवर मर्यादा घालायचीच झाली तरी महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे पाठवण्याचा त्याचा हक्क राहतो.

चौकशीत त्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. बाकी काही काढून घेण्यासाठी मारहाण, धमकी किंवा गैरसोय करता येत नाही. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान २७ फेब्रुवारी २०१९ ला पकडले गेले आणि १ मार्चला परत आले. मधल्या काळात त्यांचे व्हिडिओ जगभर फिरले. युद्धकैद्याला लोकांच्या कुतूहलापासून जपणे हे पकडणाऱ्या देशाचे कर्तव्य आहे (तिसऱ्या कराराचे कलम १३), त्यामुळे ते प्रदर्शन चुकीचेच होते. आपल्या बाजूनेही एक पथ्य पाळायला हवे. असा व्हिडिओ पुढे पाठवू नये, आणि मुलाची पलटण, नेमणूक किंवा घरची माहिती बातमीदारांना देऊ नये. तो तिथे जे सांगायचे टाळत असतो, ते इथून त्यांना आयते मिळते.

प्रश्न : इस्पितळात अतिरेकी लपले असतील तर त्यावर हल्ला करता येतो का? (नागपूर)

उत्तर : इस्पितळाचे संरक्षण एकाच कारणाने जाते : तिथून शत्रूला हानी पोचवणारी कृत्ये होत असतील तर. उदाहरणार्थ, छपरावरून गोळीबार, तळघरात दारूगोळ्याचा साठा. शत्रूच्या जखमी सैनिकांवर उपचार करणे हे असे कृत्य नाही. त्यांच्याकडून काढून घेतलेल्या आणि अजून जमा न केलेल्या बंदुका तिथे असणेही नाही. संरक्षण गेले तरी लगेच तोफ डागता येत नाही. आधी इशारा, शक्य तिथे वाजवी मुदत, आणि इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले तरच हल्ला. तेव्हाही आतल्या रुग्णांची हानी किती होईल याचे मोजमाप करावेच लागते.

प्रत्यक्षात कुठे बिघडते ते अफगाणिस्तानातील कुंदुझला दिसले. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अमेरिकी विमानाने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या इस्पितळावर हल्ला केला आणि ४२ माणसे मेली. इस्पितळाचे अक्षांश-रेखांश संस्थेने आधीच कळवले होते. मारायची होती ती सुमारे चारशे मीटरवरची दुसरी इमारत. विमानातल्या यंत्रणेने दिलेल्या ठिकाणी मोकळे शेत दिसले, तेव्हा चमूने वर्णनाशी जुळणारी इमारत नजरेने निवडली आणि संरक्षित स्थळांच्या यादीशी ती वेळेत ताडून पाहिली गेली नाही. सोळा जणांवर प्रशासकीय कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही. आमच्या मते हे अपुरे आहे. यादी तयार असूनही ती न पाहणे हा किरकोळ निष्काळजीपणा नव्हे.

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार आहे. सीमेवर पेरलेल्या सुरुंगांविषयी भारतावर कोणते नियम बंधनकारक आहेत? (सांगली)

उत्तर : १९९७ च्या ओटावा करारात भारत नाही, म्हणून माणूसमारक सुरुंगांवर सरसकट बंदी आपल्याला लागू होत नाही. मात्र १९८० च्या पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराचा सुधारित दुसरा प्रोटोकॉल लागू आहे. धातुशोधक यंत्राला न सापडणारे सुरुंग त्याने बंद केले. प्रत्येक सुरुंगात किमान आठ ग्रॅम लोखंडाइतका संकेत देणारा धातू हवा. आपोआप नष्ट न होणारे सुरुंग असलेल्या क्षेत्राला कुंपण, सैन्याचा पहारा आणि फलक लागतात. फलक त्रिकोणी असेल तर किमान २८ गुणिले २० सेंटिमीटर, चौकोनी असेल तर बाजू किमान १५ सेंटिमीटर. रंग लाल किंवा नारिंगी, कड चमकणारी पिवळी, मजकूर स्थानिक भाषेतही. नकाशात निदान दोन पक्क्या खुणांपासूनची जागा, सुरुंगांचा प्रकार, संख्या आणि पेरल्याची तारीख नोंदवायची असते.

घात होतो तो पाण्याने आणि वाळूने. पुरात सुरुंग वाहून कुंपणाबाहेरच्या शेतात येतात, वाळूच्या टेकड्या सरकल्या की नकाशातली खूण खोटी ठरते आणि लाकडी खांब सरपणाला जातात. म्हणून एकदा साफ केलेल्या क्षेत्राकडूनही पावसाळ्यानंतर सावध राहावे लागते. तिकडच्या शेतकऱ्यांना सांगताना एवढे ठसवावे : संशयास्पद वस्तू दिसली की जागीच थांबायचे, तिला हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, आपल्याच पावलांच्या ठशांवरून मागे यायचे, लांबूनच खूण करून ठेवायची आणि जवळच्या चौकीला कळवायचे.