लिव्हरवर चमकणारा ठिपका म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच का?

तुम्ही विचारलंय की चमकणारे नॅनोपार्टिकल (अतिसूक्ष्म कण) सोडल्यावर उंदराच्या लिव्हरवर ठिपका चमकला तर तिथे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंचा पेशींवरचा मारा, आहे असं धरून चालायचं का. मी याच विषयात काम करतो, नुसत्या चमकण्यावर अजिबात जाऊ नका.

एक तर या आक्रमक रेणूंपैकी हायड्रॉक्सिल रॅडिकलसारखी मंडळी नॅनोसेकंदात गायब होतात, ती स्वतः कधी दिसत नाहीत, दिसतं ते त्यांनी प्रोबचं (म्हणजे त्यांना ओळखायला सोडलेल्या कणाचं) काय केलं एवढंच. त्यात लिव्हर म्हणजे असे कण गिळायला टपलेलंच असतं, तिथल्या कुप्फर सेल्स (लिव्हरमधल्या सफाई करणाऱ्या पेशी) रक्तातले कण उचलत राहतात, कण लपवायला पेग या पॉलिमरचं कोटिंग केलं तरी थोडा उशीर होतो बस. मग सिग्नल वाढला तो स्ट्रेसमुळे की कण जास्त साचले म्हणून, हे एका रंगावरून कळणार कसं?

त्यासाठी रेशियोमेट्रिक प्रोब वापरतात, दोन रंगांचं गुणोत्तर काढलं की कण किती साचले हा भाग बराचसा बाद होतो. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रुपने सेमीकंडक्टिंग पॉलिमरचे (प्लॅस्टिकसारख्या, पण प्रकाश देणाऱ्या पदार्थाचे) कण वापरून पॅरासिटामॉल आणि आयसोनियाझिड दिलेल्या उंदरांचं लिव्हर लाइव्ह बघितलं, आणि मला त्यात सगळ्यात आवडलेलं म्हणजे एकाच कणातून दोन वेगळ्या गोष्टी कळतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आलं की केमिल्युमिनेसन्स होतो, म्हणजे रासायनिक क्रियेतूनच प्रकाश निघतो, बाहेरून लाइट मारावाच लागत नाही, त्यामुळे ऊतीचं स्वतःचं चमकणं मधे येत नाही. पेरॉक्सिनायट्राइट (असाच दुसरा आक्रमक रेणू) आलं तर कणातला निअर-इन्फ्रारेड डाय तुटतो, आणि तो जी एनर्जी ओढून घेत होता ती मोकळी होऊन पॉलिमरचा रंग वर येतो.

अर्थात खोलीचा प्रॉब्लेम राहतोच. उंदरात ठीक आहे, माणसाच्या लिव्हरपर्यंत हा प्रकाश नीट पोचून परत येणं अवघड, दोन वेव्हलेंग्थ ऊतीत सारख्या विरत नाहीत त्यामुळे गुणोत्तरही थोडं सरकतं. फोटोअकॉस्टिकने, म्हणजे प्रकाश मारून उठणारा आवाज टिपून, जरा खोल जाता येतं.

पेपर वाचताना मी आधी कंट्रोल शोधतो, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट दिल्यावर सिग्नल पडला का, नंतर ऊती काढून ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) किंवा नायट्रोटायरोसिन (पेरॉक्सिनायट्राइटची प्रथिनांवर उरणारी खूण) बघितलं का, नसेल तर ती रंगीत फिगर सोडून पुढे जातो. आणि सेरियम ऑक्साइडचे कण वापरले असतील तर डबल सावध, ते स्वतःच रॅडिकल्स खातात, म्हणजे मोजायला गेलात आणि मोजायची गोष्टच कमी करून बसलात.