संगमरवरी देवघरावरचा समईच्या तेलाचा डाग साबणाने का जात नाही?

साबण चोळणं आधी थांबवा. तेल आता दगडावर नाही, दगडात आहे. शिवाय संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तेल शिळं झालं की त्यात मोकळी स्निग्धाम्लं वाढतात, ती दगडातल्या कॅल्शियमला धरून बसतात आणि पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. साबणाचंही तेच होतं. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला जो चिकट पांढरा साका बसतो, तोच तुम्ही घासून घासून देवघरावर बसवताय.

मकराण्याच्या संगमरवराच्या एका देवघरात समईखाली वाटीएवढं पिवळं कडं पडलं होतं. पॉलिशवाल्याने पातळ अ‍ॅसिड फिरवलं, डाग फिका झाला, सगळे खूश. पण अ‍ॅसिडने तेलाला हातही लावला नव्हता. फेस आला तो दगडाचा वरचा थर जाताना, आणि त्याच्याबरोबर झिलईही गेली. थोड्या दिवसांनी आतलं तेल परत वर आलं, तेही खरखरीत झालेल्या जागेवर. संगमरवराला अ‍ॅसिड किंवा लिंबू लावायला सांगणाऱ्याला दगडातलं काही कळत नाही, हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

ते तेल निघालं लेपाने. टाल्कम किंवा खडूची भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये (तेल विरघळवणारा द्रव) श्रीखंडाइतकी घट्ट कालवायची. डागाच्या बाहेर बोटभर जाईल असा पाव इंच जाड थर, वर प्लास्टिक, कडांना टेप, २४ तास. मग प्लास्टिक काढून लेप खडखडीत वाळू द्यायचा. लोक नेमकं हेच गाळतात. वाळताना द्रव लेपाकडे ओढला जातो आणि तेल घेऊन येतो. ओला लेप पुसला तर तेल जागच्या जागी राहतं. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, धातूच्या नको. जुन्या डागाला तीन-चार लेप लागतात. तरी पिवळी झाक उरली तर अ‍ॅसिटोनऐवजी मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या कोरड्या भुकटीत कालवून लावा. गडद दगडावर मात्र नको, रंग उडतो. मुलतानी मातीत लोह असतं, पांढऱ्या दगडावर ती टाळा.

अ‍ॅसिटोन झटकन पेटतं, तेव्हा समई-उदबत्ती विझवून, खिडक्या उघडूनच काम करा. रेझिनच्या कृत्रिम मार्बलवर ते लावूच नका. ग्रॅनाइट असेल तर स्निग्धाम्लं अशी घट्ट धरत नाहीत, तेल नुसतं छिद्रांत असतं. तिथे बहुतेकदा एक-दोन लेपांत भागतं.