लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतलेल्या जुन्या पीसीवर विंडोज ११ चालेल का, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा: २०१८ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, आय५, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. पीसी हेल्थ चेक (मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं सॉफ्टवेअर) 'चालणार नाही' म्हणतं, दुकानदार नवीन मशीनचं कोटेशन देतो. खरं कसं तपासायचं, आणि नवीन घ्यायचाच तर कुठला?

'आय५ आहे' एवढ्यावर काहीच ठरत नाही. आय३, आय५, आय७ हा झाला दर्जा. विंडोज ११ बघतं जनरेशन, म्हणजे प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे ते. स्टार्टवर राइट क्लिक करा, 'सिस्टम' उघडा, प्रोसेसरची ओळ वाचा. डॅशनंतर चार आकडे असतील तर पहिला आकडा जनरेशनचा: ७४०० म्हणजे सातवं, ८४०० म्हणजे आठवं. पाच आकडे असतील तर पहिले दोन: १०४०० म्हणजे दहावं. लॅपटॉपमध्ये आय५-१०३५जी१ सारखी नावं फसवतात. आकडे चारच, पण ते दहावं जनरेशन आहे. इंटेलचं आठव्यापासून पुढचं चालतं, एएमडीचं रायझेन २००० मालिकेपासून पुढचं. त्यातही रायझेन ३ २२००जी आणि रायझेन ५ २४००जी मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत, कारण नावात २००० असलं तरी आतला कोअर पहिल्याच जनरेशनचा आहे.

पावतीवरचं २०१८ धरून बसू नका. डेस्कटॉपचे आठव्या जनरेशनचे प्रोसेसर ऑक्टोबर २०१७ मध्ये आले, पण त्यांना लागणारे स्वस्त मदरबोर्ड, एच३१० आणि बी३६०, एप्रिल २०१८ मध्ये आले. त्या वर्षी दोन्ही जनरेशनची मशीन्स विकली जात होती. शिवाय दोघांचं सॉकेट एकच, एलजीए ११५१. त्यामुळे सातव्या जनरेशनच्या एच११० बोर्डात आय५-८४०० बसतो छान, पण मशीन चालू होत नाही. कोणी 'बोर्ड तोच ठेवू, फक्त प्रोसेसर बदलू' म्हणालं तर आधी बोर्डाचं नाव बघा. एएमडीवाल्यांचं नशीब यात बरं. पहिल्या रायझेनच्या एएम४ बोर्डांपैकी बरेचसे बायोस (बोर्डातलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर पुढचे प्रोसेसर घेतात. बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची यादी असते.

आता दोन खिडक्या. विंडोज की आणि आर दाबून एमएसइन्फो३२ टाइप करा (इंग्रजीत, सलग). त्यात 'बायोस मोड' पुढे यूईएफआय आहे की लेगसी ते बघा. मशीन सुरू करायच्या या दोन पद्धती, यूईएफआय नवी आणि लेगसी जुनी, आणि विंडोज ११ ला नवी लागते. बोर्डाचं नावही तिथेच सापडेल. मग तसंच टीपीएम डॉट एमएससी. टीपीएम म्हणजे मशीनच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा यंत्रणा, तीही विंडोज ११ ची अट. 'स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०' दिसलं तर प्रश्न मिटला. 'कंपॅटिबल टीपीएम सापडत नाही' आलं तर घाबरू नका. आठव्या जनरेशनच्या मशीनवर याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की ते बायोसमध्ये बंद आहे. वेगळी चिप विकत घ्यावी लागत नाही. इंटेलमध्ये ते पीटीटी या नावाने असतं, एएमडीमध्ये एफटीपीएम.

हे एवढं सांगतोय कारण आमच्या सोसायटीच्या ऑफिसात हीच भानगड झाली. मशीन जवळपास तुमचंच: आय५-८४००, एच३१० बोर्ड, ८ जीबी, १ टीबी हार्ड डिस्क. हेल्थ चेक नाही म्हणालं आणि खजिनदारांनी तीन कोटेशनं मागवली. त्यांचा युक्तिवाद कमिटीत सगळ्यांना पटला: 'माझ्या घरचा आय७ चालत नाही, तर ऑफिसचा आय५ कसा चालेल?' घरचा त्यांचा आय७-७७००. सातवं जनरेशन.

त्या मशीनमध्ये नापास होण्यासारखा एकही पार्ट नव्हता, एक सोडून, आणि तो कुणाच्या लक्षातच नव्हता. बाकी सगळा घोळ बसवणाऱ्याचा. पहिला, विंडोज १० लेगसी मोडमध्ये टाकलेलं. बोर्डाच्या बूट मेन्यूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे 'यूईएफआय' लिहून. नुसत्यावर एंटर मारलं की डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची होते आणि मशीन लेगसीत अडकतं. पाच सेकंदांचा आळस.

दुसरा, सी-डी-ई-एफ. आपल्याकडे डिस्कचे चार तुकडे केल्याशिवाय असेंबलवाल्याला चैन पडत नाही. एमबीआर डिस्क न पुसता जीपीटी, म्हणजे यूईएफआयला लागणाऱ्या नव्या पद्धतीची, करायला विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, पण त्याला तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन चालत नाहीत आणि एक्स्टेंडेड-लॉजिकल पार्टिशन (एका मोठ्या तुकड्याच्या आत पाडलेले तुकडे) तर मुळीच नाही. चार ड्राइव्ह पाडले की शेवटचे हमखास लॉजिकल असतात. डिस्क मॅनेजमेंट उघडा. ज्यांच्याभोवती हिरवी चौकट आहे ते लॉजिकल. सोसायटीच्या मशीनवर ई आणि एफ त्या चौकटीत होते, आणि मेंटेनन्सची बिलं, शेअर सर्टिफिकेटचे स्कॅन, नॉमिनेशनचे फॉर्म, सगळं एफमध्ये. ते बाहेरच्या डिस्कवर घेतलं, उघडून बघितलं, मग दोन्ही ड्राइव्ह डिलीट केले. इथे बरेच जण चुकतात: ड्राइव्ह गेले तरी रिकामी हिरवी चौकट उरते, तीही वेगळी डिलीट करावी लागते. ती असेपर्यंत टूल नाहीच म्हणतं, आणि का ते नीट सांगत नाही.

त्यानंतर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस'. याने काहीही बदलत नाही, नुसती परीक्षा होते. पास झालं की व्हॅलिडेटच्या जागी 'कन्व्हर्ट'. मिनिटाभराचं काम. कमांड अर्थात इंग्रजीत टाइप करायच्या, स्लॅशच्या आधी स्पेस, मध्ये कुठे नाही.

बायोसला हात यानंतरच. क्रम उलटा झाला की काय होतं ते आमच्याकडे येऊन गेलेल्या दुरुस्तीवाल्याने दाखवलं. त्याने आधी सीएसएम (लेगसी पद्धत चालू ठेवणारी बायोसमधली सोय) बंद केलं, विंडोज सुरूच होईना (एरवी अशा वेळी पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' येतं), आणि साहेबांनी निदान केलं, हार्ड डिस्क गेली. डिस्कला काहीही झालं नव्हतं. डिस्क लेगसी आणि बोर्ड यूईएफआय अशी फक्त चुकामूक होती. सीएसएम परत चालू केलं की मशीन जसंच्या तसं सुरू होतं. तुमचं तसं झालं तर फॉरमॅट करायला कुणालाही देऊ नका.

जीपीटी झाल्यावर, चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहून बायोसमध्ये जा, सीएसएम बंद करा, सेव्ह करा. आमच्याकडे यानंतर पडदा काळा. पंखा फिरतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय, चित्र नाही. हा तो एक पार्ट: जीफोर्स २१० ग्राफिक्स कार्ड. आधीच्या मशीनमधलं उचलून दुसऱ्या मॉनिटरसाठी यात घातलेलं. इतक्या जुन्या कार्डात यूईएफआयला लागणारा कोड बहुधा नसतो, म्हणून सीएसएम बंद होताच ते मुकं होतं. तसंही त्याला डायरेक्टएक्स १२ येत नाही, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत ते बसलंच नसतं. आय५-८४०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि ते या कार्डापेक्षा चांगलं आहे. कार्ड काढलं, मॉनिटरची वायर मागे बोर्डाच्या पोर्टला लावली, चित्र आलं. मात्र इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल, जसं ९४००एफ, तर आत ग्राफिक्स नसतं. मग कार्ड बदलावंच लागेल.

शेवटी पीटीटी. आसूसच्या बोर्डात ते अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन'खाली असतं, गिगाबाइटमध्ये पेरिफेरल्समध्ये, एमएसआयमध्ये सिक्युरिटीतल्या 'ट्रस्टेड काँप्युटिंग'मध्ये. चालू करून सेव्ह. सिक्युअर बूटवरून (सुरू होताना फक्त विश्वासातलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) उगाच डोकं आपटू नका. मशीन सिक्युअर बूट 'करू शकणारं' असावं एवढीच अट आहे, ते चालू असलंच पाहिजे अशी नाही. असलेलं बरं, एवढंच.

हेल्थ चेक परत चालवलं, सगळे टिक हिरवे. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच, रॅम तीच.

आता त्या आय७ विषयी. आय७-७७०० चार कोअर, आठ थ्रेडचा, जानेवारी २०१७ चा, आणि तो यादीत नाही. सेलेरॉन एन४००० दोन कोअरचा, लॅपटॉपमधला सगळ्यात स्वस्त माल, आणि तो यादीत आहे. मायक्रोसॉफ्ट सुरक्षा आणि स्थिरतेचं कारण देतं. मला विचाराल तर रेघ कुठेतरी मारायची होती, ती तिथे मारली. पण त्यावरून 'आय७ नापास म्हणजे आय५ नापास' हे निघत नाही, आणि 'पास झाला म्हणजे चांगला' हेही निघत नाही. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजवाला एन४००० नियमात बसतो आणि क्रोमचे चार टॅब उघडले की बसूनच राहतो. कागदावरची किमान अट ४ जीबी असली तरी ८ च्या खाली जाऊ नका. तुमची हार्ड डिस्कही चालेल, पण सकाळी चालू करून चहा घेऊन आलात तरी ती गरगरतच असेल. साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घाला. पैसे खर्च करायचेच तर तिथे करा.

सातवं जनरेशन निघालं तर रुफस नावाच्या टूलने विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवताना अटी वगळता येतात, आणि विंडोज ११ चालतंही. पण ते अधिकृत नाही, अपडेटची हमी नाही, आणि दरवर्षीची नवी आवृत्ती आपोआप येत नाही. मुलांच्या अभ्यासाच्या मशीनवर करा. जिथून रिटर्न भरता किंवा सोसायटीचं बँक खातं चालवता तिथे करू नका. कोअर २ ड्युओवर तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पुढचं बूटच होत नाही. पॉपसीएनटी नावाची आज्ञा त्या प्रोसेसरला समजतच नाही, त्याला कोणताही जुगाड लागू पडत नाही.

वर सांगायला हवं होतं ते इथे सांगतो. कन्व्हर्ट करण्याआधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या, मी एफ ड्राइव्हपुरतं म्हणालो ते सगळ्यालाच लागू. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर बायोस बदलल्यावर ती मागेल आणि तुमच्याकडे नसेल. मशीनची तारीख दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल आधी बदला. नाहीतर लाइट गेली की बायोस मूळपदावर येईल आणि पीटीटी पुन्हा बंद. विंडोज १० बत्तीस बिटचं असेल तर त्यावरून थेट अपग्रेड होत नाही, नव्याने टाकावं लागतं. आणि फॉक्सप्रोवरचं डॉसमधलं बिलिंग अजून वापरत असाल, जे कितीतरी सोसायट्या वापरतात, तर ते ६४ बिटवर थेट चालणार नाही. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) आधी छपाईसकट चालवून बघा.

घाई किती? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठीची जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर झाली, नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून होते.

नवीन कुठला घ्यावा, यावर मी बोलत नाही, बजेट तुम्ही सांगितलेलं नाही. रिफर्बिश्ड लॅपटॉप बघत असाल तर एवढंच की मॉडेलच्या नावावर जाऊ नका. थिंकपॅड टी४८० आठव्या जनरेशनचा म्हणून विकला जातो, पण त्याचे काही पीस सातव्याचेही निघाले. दुकानातच मशीन चालू करून एमएसइन्फो३२ आणि टीपीएमची खिडकी उघडून मागा. दाखवायला कां-कूं केलं तर पुढचं दुकान.

आणि हो, सगळं झाल्यावरही विंडोज अपडेटच्या पानावर जुनं 'चालणार नाही' दिसत राहिलं तर पुन्हा बायोसमध्ये शिरू नका. ते बदलायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. आमच्या खजिनदारांनी नेमका त्याच मधल्या वेळात त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.