मैथुन, मेहूण आणि कुंडलिनीचे साडेतीन वेढे

प्रश्न असा आलाय की एका शिबिराच्या पत्रकाचं मराठी करायचंय, त्यात 'पार्टनर मेडिटेशन' आहे, त्याला 'मैथुन-साधना' लिहिलं तर लोक अंगावर येतील, मग काय लिहू? आणि कुंडलिनी म्हणजे पत्रिकेतलीच कुंडली का?

मैथुन हा तांत्रिक विधीतल्या पंचमकारातला पाचवा म (मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा, मैथुन), त्यामुळे लोक दचकणारच, पण मूळ शब्द बघा, मिथुन, म्हणजे नुसती जोडी, राशीचं नाव पण तेच. आणि गंमत म्हणजे हाच शब्द आपल्या देवघरात बसलाय. कुळधर्माला 'मेहूण सांगितलंय' म्हणतो ना, ते मेहूण म्हणजे मिथुनच, नवरा-बायकोचं जोडपं. आमच्याकडे नवरात्रात आईचे आदल्या दिवशी फोन चालू असतात, सवाष्ण मिळाली पण मेहूण मिळत नाहीये, सगळ्यांच्या नवऱ्यांना ऑफिस! मेहुणा-मेहुणी पण याच खानदानातले. तिकडे मैथुन म्हटलं की लोक कान झाकतात आणि इकडे मेहुण्याला पुरणपोळी वाढतात.

तांत्रिक ग्रंथात मात्र साधनेतल्या स्त्रीला वेगळा शब्द आहे, दूती. काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी हजारेक वर्षांपूर्वी तंत्रालोक या ग्रंथाच्या 29व्या आह्निकात, म्हणजे प्रकरणात, कुलयाग नावाचा विधी सांगितलाय, त्यात ही दूती येते, आणि शिव-शक्तीच्या जोडीला यामल म्हणतात. (यमलवरून आपलं जावळं, म्हणजे जुळं, जावळं केळं वगैरे. बाळाचं जावळ काढतात ते वेगळं हं.) तो विधी गुप्त, गुरूने अधिकार बघून द्यायचा, शनिवार-रविवारची बॅच नव्हे. म्हणून मला 'पार्टनर' तिथे खटकतो, मराठीत पार्टनर म्हटलं की एकतर रूम पार्टनर नाहीतर धंद्यातला, भाडं अर्धं अर्धं करणारा.

आता कुंडलिनी, म्हणजे योगात सांगितलेली, देहात झोपलेली शक्ती. कुंडल म्हणजे कडं, वेटोळं, कानातलं पण. ज्याला वेटोळी आहेत तो कुंडली, म्हणजे साप, आणि त्याचं स्त्रीलिंग कुंडलिनी. पत्रिकेतली कुंडलीही त्याच कुंडलातून आलेली, म्हणजे बहिणी म्हणा, पण एक नव्हेत. तरी तुमचा गोंधळ अगदीच बिनबुडाचा नाही, हठयोगप्रदीपिकेत या शक्तीची सात नावं एका श्लोकात दिलीत, कुटिलांगी, कुंडलिनी, भुजंगी, शक्ती, ईश्वरी, कुंडली, अरुंधती. त्यात कुंडली आहेच!

पण मराठी माणसाने कुंडलिनी बघायची तर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात. कुंकवात न्हालेलं नागाचं पिल्लू वळण घेऊन झोपलंय असा दृष्टांत आधी येतो आणि मग 'तैशी ते कुंडलिनी, मोटकी औट वळणी, अधोमुख सर्पिणी, निदेली असे'. यातलं औट म्हणजे इंग्रजी आउट नव्हे बरं का, एकाने मला खरंच विचारलं होतं. औट म्हणजे साडेतीन, अर्धचतुर्थ वरून झिजत आलेलं. औट घटकेचं राज्य म्हणतो ते साडेतीन घटकांचं, 24 मिनिटांची घटका धरली तर 84 मिनिटं, एक मराठी सिनेमाही पुरा होत नाही त्यात. आजीला पावकी, निमकी, दिडकीबरोबर औटकी पण पाठ होती, औट दुणे सात असं ती भाजी निवडता निवडता म्हणायची. तर पत्रकात 'साडेतीन कॉइल' छापण्यापेक्षा 'औट वेढे' लिहा, शब्द आपलाच आहे.

आणि हे पण बघा, की त्या सगळ्या वर्णनात दुसरं माणूस कुठेच नाही. आसन घालून एकटा योगी बसलाय, कुंडलिनी जागी होते ती भुकेली, त्याच्याच देहाचं मांस खात वर चढते. नाथपंथातून आलेली वाट ही, शिव पण आत आणि शक्ती पण आत. त्या दोघांच्या मिळण्याला सामरस्य म्हणतात, आणि आपण 'कामात समरस झाला' म्हणतो तेव्हा तोच शब्द वापरत असतो, फक्त ऑफिसच्या खुर्चीत बसून.

तुमच्या पत्रकात नुसतं समोरासमोर बसून, डोळ्यात डोळे घालून, श्वास जुळवणं एवढंच असेल तर सरळ 'जोडीने ध्यान' लिहा, सत्यनारायणाला जोडीने बसतात तसं. युगलध्यान छापलंत तर गाण्याचा कार्यक्रम वाटेल. आणि मेहूण-ध्यान तर अजिबात नको, मावश्या ओटीचं सामान घेऊन येतील.