टर्बो डिझेल गाडीची ओढ मधूनच जाते? आधी पाइप बघा

टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) बदलायची घाई करू नका. आधी एक बघा: ओढ गेल्यावर गाडी बंद करून पुन्हा चालू केली की लगेच नीट पळते का? पळत असेल, तर बहुधा ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) तिला लिम्प मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद कमी करून, टाकलेलं असतं. अशा वेळी स्कॅनरवर दिसणारे बिघाडाचे कोड पुसण्याआधी लिहून घ्या. (पुष्कळ मेकॅनिक आधी पुसतात आणि मग विचारतात, काय होत होतं?)

चढावर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवरच होत असेल तर माझा पहिला संशय टर्बोच्या नियंत्रणाला जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्यांवर. जुन्या गाडीत त्या टोकाशी कडक होऊन चिरतात. वरून धडधाकट दिसतात, पण टोक वाकवलं की केसाएवढी भेग उघडते. इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) होजही हात फिरवून तपासा. खालच्या बाजूला ताजं तेलकट ओघळ लागलं तर हवा तिथूनच निसटत असण्याची शक्यता मोठी. व्हीजीटी (हलत्या पात्यांच्या) टर्बोची पाती काजळीने अडकतात, पण ते नंतर.

पुन्हा चालू करूनही ओढ येत नसेल तर डिझेलकडे वळा. फिल्टर बदला, त्यातलं पाणी काढा. फिल्टरनंतर थोडी पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दिसतात का बघा; दिसले तर कुठून तरी हवा शिरतेय. टाकीचं झाकण उघडताना हवा जोरात आत ओढली गेली, तर व्हेंट (टाकीत हवा जायची वाट) तुंबलाय.

आणि कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी रचना) असेल तर चालू इंजिनावर इंजेक्टरचा पाइप सैल करू नका. तिथे दाब हजार बारच्याही वर (हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त) जाऊ शकतो, डिझेल थेट कातडीत घुसतं.